आवरलेला वॉर्ड

पाहुणे येणार हे कळल्यावर माणूस पहिल्यांदा काय करतो? हाताला लागेल ते पलंगाखाली ढकलतो. रुग्णालय झालं म्हणून त्याची रीत वेगळी नसते. पलंग जास्त असतात, एवढाच फरक.

पाहुणे लांबच्या आणि श्रीमंत देशातून यायचे होते. इथली डायलिसिसची चार यंत्रं त्यांनीच दिलेली. ज्यांच्या मूत्रपिंडांनी काम सोडलंय अशा माणसांचं रक्त हे यंत्र बाहेर काढतं, गाळतं आणि परत आत सोडतं. आठवड्यातून दोनदा हे झालं तर माणूस जगतो. नाही झालं तर त्यात समजावून सांगण्यासारखं काही उरत नाही. यंत्रांना लागणाऱ्या गाळण्या, नळ्या आणि औषधी पाणी त्याच देशातून खोक्यांनी यायचं, फुकट. बाजारातल्या नळ्या त्या यंत्रांना बसत नसत. खोकी यापुढे पाठवायची की नाही, हे पाहुणे स्वतःच्या डोळ्यांनी बघून ठरवणार होते.

चारपैकी दोन यंत्रं बंद होती. ती दुरुस्त करू शकेल आणि रोग्याला सुई टोचण्यापासून सगळं चालवूही शकेल असा एक पोरगा पूर्वी इथे होता, त्याला सगळे बारक्या म्हणत. पाहुण्यांनी त्याला आपल्या देशात नेऊन शिकवलं, परत पाठवलं, आणि पोरगा चांगला तयार झालाय असं दिसल्यावर आपल्याच एका रुग्णालयात नोकरी देऊन बोलावून घेतलं. शेजारणीनं पातेलं उसनं द्यावं आणि भाजी शिजली की भाजीसकट घेऊन जावं, तसं. बारक्याला कुणी दोष देत नसे. "त्याच्या जागी मी असतो तर निरोप घ्यायलाही थांबलो नसतो," असं मोठे डॉक्टर स्वतः म्हणत. उरलेली दोन यंत्रं सिस्टर चालवायच्या, बारक्याच्या पाठीमागे उभं राहून जेवढं शिकता आलं तेवढ्यावर.

मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावलं. ते तसे गरीब स्वभावाचे. ओरडायचं ठरवून यायचे आणि विनंती करून जायचे.

"वॉर्ड असा दिसला पाहिजे," ते म्हणाले, "की पाहुण्यांना वाटलं पाहिजे, आपण दिलेलं योग्य हाती पडलं."

मग ते पेंटरकडे वळले. पेंटर रुग्णालयाच्या नोकरीत कायम होता. त्याचं पद मंजूर होतं, रंग मंजूर नव्हता. त्यामुळे इतकी वर्षं तो पलंगांवर नंबर घालणं आणि जिन्यात 'थुंकू नये' लिहिणं एवढंच करत आला होता. अक्षर इतकं सुंदर की लोक नेम धरायला तेच वापरत.

"पेंटर, या खेपेला रंग आणलाय. चांगल्यातला. आता तुमच्या हातात आहे सगळं."

हे वाक्य डॉक्टर सगळ्यांनाच म्हणत असत, पण पेंटरला ते लागलं. कारण सोमवारी आणि गुरुवारी त्या खोलीतल्या खिडकीजवळच्या खुर्चीत त्याची बायको बसायची.

वॉर्डात तिला पेंटरीणबाई म्हणत. आजारानं तिचं सगळं नेलं, जीभ तेवढी शाबूत ठेवली. पाणी मोजून प्यायचं, कारण शरीरातून ते बाहेर पडायला वाट नाही, तेव्हा नवरा घटाघटा पाणी प्यायला लागला की ती म्हणे, "माझ्याही वाट्याचं प्या. मी नुसती बघते, मला डॉक्टरांनी बघायला मनाई नाही केलेली."

त्या संध्याकाळी तिनं विचारलं, "कसं काय करणार आहात रंगाचं?"

"आधी खरवडायचं. मग लांबी भरून भिंत सपाट करायची. घासायची. मग अस्तर, मग रंगाचे दोन हात."

"लग्नात माझ्या तोंडाला एवढं नव्हतं केलं कुणी."

"गरज नव्हती."

"आता आहे म्हणा की सरळ."

पेंटर हसला. तिनं सुजलेले पाय उशीवर ठेवले. "अहो, एक विचारू? मागायचंय आपल्याला, आणि नटूनथटून बसायचं, हे कुठलं शहाणपण?"

"आपण कुठे मागायला चाललोय? ते येतायत."

"दाराच्या आत कोण आणि बाहेर कोण याला काय किंमत? पुढे केलेला हात कुणाचा आहे ते बघा."

"अगं, पण घाणीत बसलेल्याला कोण देतं? म्हणतील, यांना दिलेलं सांभाळता येत नाही. यांना द्या नाहीतर गटारात टाका."

दोघांचंही खरं होतं, आणि दोघांचंही खरं असलं की घरात शांतता होते.

पेंटरनं दुसऱ्या दिवसापासून भिंत खरवडायला घेतली. वरच्या मजल्यावरच्या मोरीचं पाणी त्या भिंतीत मुरलेलं होतं. लोखंडी पट्टी लावली की पापुद्रे चपातीसारखे सुटायचे. खरं म्हणजे ओली भिंत रंगवायची नसते. आधी वरची गळती बंद करायची, भिंत वाळू द्यायची, मग हात लावायचा. पण गळती बंद करणाऱ्या माणसाचं पद मंजूर नव्हतं. पेंटरनं शेगड्या लावून भिंत शेकली. वाळली तेवढी वाळली. वर लांबीचे थर दिले, अशा हातानं की खिडकीतून तिरपा उजेड पडला तरी लाट दिसू नये. मग फिकट हिरवा रंग. अख्ख्या नोकरीत त्याला मनासारखी भिंत मिळाली नव्हती, ती आता मिळाली. तो दूर उभा राहून बघायचा, परत जवळ जायचा, कुठेतरी बोटभर जागा पुन्हा घासायचा.

भिंत इतकी चांगली झाली की बाकीचं सगळं वाईट दिसायला लागलं. मग पलंग रंगवले. मग औषधांच्या गाड्या. मग डॉक्टर म्हणाले, "त्या दोन बंद यंत्रांचं काय?" त्यांचा पत्रा पिवळा पडला होता. पेंटरनं रंगात रंग मिसळून असा मेळ घातला की चालू यंत्रंच जुनी वाटू लागली. वायरमननं बंद यंत्रांच्या आत दिवा बसवून दिला. बटण दाबलं की समोर हिरवा ठिपका पेटायचा.

सिस्टर कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "मेलेल्याला काजळ घातलंत अगदी," त्या म्हणाल्या. पण पडदे त्यांनीच शिवून आणले होते.

राहता राहिली माणसं. यंत्रं दोन आणि माणसं पुष्कळ, त्यामुळे नंबर लागेपर्यंत लोक बाहेरच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकून पडलेले असायचे. कुणाचा पाय उघडा, कुणाची उलटी. हे पाहुण्यांना बरं दिसलं नसतं. ज्यांचा नंबर नेमका त्या दिवशी होता त्यांना डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं, एवढा एक नंबर सोडा, पुढच्या नंबराला या. सगळे कबूल झाले. शिंपीकाका म्हणून एक म्हातारे होते, ते तर म्हणाले, "घरचंच कार्य आहे. मी सोमवारी येतो की."

खुर्च्यांत बसवायला दोन रोगी ठेवायचे होते. एक तरुण शिक्षक निवडला आणि दुसरी पेंटरीणबाई, कारण तिला बोलता येत होतं.

"फार नको पण," पेंटरनं घरी तिला समजावलं. "विचारलं तर बरं वाटतंय म्हणायचं."

"आणि बरं वाटत नसलं तर?"

"तरी म्हणायचं. आपण कुणाच्या घरी गेलो आणि जेवण कसं झालंय विचारलं तर काय सांगतो आपण?"

"तुमच्या बहिणीकडे जाऊन आल्यावर तर मी दोन दिवस खरं बोलत नाही," ती म्हणाली.

पाहुणे गुरुवारी आले. पाचजण. त्यांचा म्होरक्या उंच, पांढऱ्या केसांचा, भला गृहस्थ होता. भला हा शब्द मुद्दामच वापरला आहे. या गोष्टीत कुणी दुष्ट असता तर काम किती सोपं झालं असतं. त्यानं झाडूवालीशीही हात मिळवला. बरोबर एक दुभाषी मुलगी होती, इथलीच, शिकलेली. दोन्ही बाजूंचं बोलणं तिच्यातून जायचं आणि जाताना जरा मऊ होऊन जायचं. सासू-सुनेच्या मध्ये वाढलेली असावी.

म्होरक्यानं वॉर्ड पाहिला. भिंतीवरून हात फिरवला. चार यंत्रं, चार हिरवे ठिपके. कोरा व्हरांडा. तो दुभाषी मुलीला काही म्हणाला.

"ते म्हणतायत, इतकं स्वच्छ ठिकाण त्यांनी या दौऱ्यात पाहिलं नाही."

डॉक्टर लाजले. मग म्होरक्या पेंटरीणबाईच्या खुर्चीपाशी आला आणि चक्क गुडघ्यावर बसला, म्हणजे तिला मान वर करावी लागू नये.

"ते विचारतात, तुम्हाला इथे कशाची कमतरता वाटते? मोकळेपणानं सांगा."

पेंटर दारात उभा होता. लग्नकार्याला घालायचा सदरा घातला होता, नखांत मात्र हिरवा रंग राहिला होताच. पेंटरीणबाईनं त्याच्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं. आयुष्यात कुणाचीही भीड न ठेवलेल्या त्या बाईनं सुजलेल्या पायांवर चादर ओढून घेतली.

"कशाची नाही," ती म्हणाली. "सगळं छान आहे. पाहुण्यांना म्हणावं, चहा घेतल्याशिवाय जाऊ नका."

मग सगळे खालच्या सभागृहात जमले. म्होरक्या बोलायला उभा राहिला. तो बराच वेळ बोलला, आवाज भरून आला, एकदा चष्मा पुसला. बोलणं संपल्यावर कडाडून टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्यावर दुभाषी मुलगी उठली.

"ते म्हणाले... त्यांना आज फार अभिमान वाटतोय. कितीतरी ठिकाणी त्यांनी मदत दिली, पण इतक्या लवकर स्वतःच्या पायावर उभं राहिलेलं रुग्णालय हे पहिलंच." तिनं ओठांवरून जीभ फिरवली. "तुम्हाला आता त्यांची गरज उरलेली नाही. यापुढची खोकी, ज्यांच्या भिंती पडल्यात, छतं गळतायत, अशा ठिकाणी जातील. ते तुमचं अभिनंदन करतात."

मागच्या रांगेत कुणीतरी सवयीनं एक टाळी वाजवली आणि हात तसेच जोडलेले ठेवले.

डॉक्टर उठले. त्यांना बोलायचं होतं, हे सगळ्यांना दिसत होतं. "आम्ही आभारी आहोत," ते म्हणाले. "फक्त... थोडं, म्हणजे अजून तसं पूर्णपणे..." मुलगी वाट बघत होती. "आभारी आहोत," डॉक्टर परत म्हणाले आणि बसले. आलेल्या माणसाला तोंडावर खोटं ठरवायचं, तेही त्यानं तुमचं कौतुक केल्यावर, हे त्यांच्या सात पिढ्यांत कुणाला जमलं नव्हतं.

पेंटर मात्र बाहेर पडला. पाहुणे निरोप घ्यायला परत वर आले तेव्हा तो वॉर्डात पट्टी घेऊन आपलीच भिंत खरवडत होता. रंगाचा मोठा पापुद्रा सुटून खाली पडला, मागची काळी ओल दिसली, पाणी ओघळलं. "बघा," तो म्हणाला. "हे बघा. ही आमची खरी भिंत. ती यंत्रं पण उघडा, आत नुसता दिवा आहे!"

म्होरक्यानं काळजीनं विचारलं, हा माणूस काय म्हणतोय? मुलीनं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांच्या कपाळावर घाम होता. आत दिवा बसवल्याचं कळलं तर फसवणूक ठरणार, आणि मग त्या देशातून उद्या कुणाला काही मिळायचं असेल तर तेही जाणार.

"काही नाही," डॉक्टर पुटपुटले. "डागडुजी चालूच असते आमच्याकडे."

मुलीनं तेवढंच सांगितलं. म्होरक्यानं पेंटरच्या खांद्यावर थोपटलं. एकानं त्याचा फोटो काढला.

शिंपीकाका सोमवारी आले नाहीत. त्यांचा मुलगा आला, सतरंजी न्यायला.

पुढच्या महिन्यांत डॉक्टरांनी सगळे दरवाजे ठोठावले. आपल्या सरकारनं सांगितलं, पाहुण्यांना विचारा. पाहुण्यांनी सांगितलं, आम्ही पाहून आलोय. उरलेली खोकी जपून वापरायची म्हणून एकदा वापरून टाकायची गाळणी सिस्टर धुऊन परत वापरायला लागल्या. मग आठवड्याचे दोन नंबर होते त्याचा एक झाला. पेंटरीणबाईचा गुरुवार राहिला, सोमवार गेला.

सोमवार गेल्यावर पायांची सूज गुडघ्यापर्यंत आली. आडवं झालं की श्वास पुरेना, म्हणून ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. पेंटर ओल्या कापसानं तिचे ओठ पुसायचा.

एकदा त्यानं विचारलंच. "तेव्हा बोलली का नाहीस गं तू? सगळ्यांना बोलतेस. माझ्या आईला बोललीस. त्या माणसानं गुडघे टेकून विचारलं होतं."

"तुम्ही दारात उभे होता ना."

"मग?"

"मग काय मग? इतकी देखणी भिंत केली होती. तिच्यासमोर बसून ओल येते म्हणू?"

पेंटर उठून मोरीत गेला आणि बराच वेळ तांब्या घासत बसला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुपारी, दुभाषी मुलीचा फोन आला. पाहुण्यांच्या देशात एक माहितीपट करताहेत, मदतीनं काय साधलं त्याचा. त्यात पेंटरीणबाईंचा खुर्चीत बसलेला फोटो आहे, फार छान आलाय. त्यांची दोन वाक्यं हवीत, त्यांच्या आवाजात. त्या दिवशी गुडघ्यावर बसलेले साहेबही फोनवर आहेत.

पेंटर नाही म्हणणार होता. तिनं हात पुढे केला. "द्या इकडे."

फोन कानाला लावून तिनं आधी श्वास गोळा केला. "पोरी, आधी विचार त्यांना, जेवले का."

विचारलं. जेवले होते.

"बरं झालं. आता मी म्हणते तसंच्या तसं सांग. तू मध्येच साखर घालतेस, ती नको. म्हणावं, त्या दिवशी मी खोटं बोलले. तुमच्या घरी पाहुणे आले तर तुम्ही त्यांना मोरी दाखवता का? नाही दाखवत. पण घर आहे म्हणजे मोरी असतेच. तुम्ही इतके लांबून आलात, एवढे शिकलेले, एक दार ढकलून बघायचं होतं... सांग."

मुलगी सांगत होती.

"आणि म्हणावं, आमचा बारक्या तुमच्याकडे आहे. त्याचा हात हलका आहे, सुई टोचलेली कळत नाही. तुमच्या माणसांना तो मिळाला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हात आमचा नेलात तर गाळण्या तरी पाठवा. हे उपकाराचं बोलत नाहीये मी. घेतलंत तर द्यायचं असतं, एवढंच." तिला खोकला आला. पेंटरनं पाठीला हात लावला. "शिंप्याचं पण सांग. तुम्हाला व्हरांडा मोकळा दिसावा म्हणून तो घरी गेला. आणि माझे पाय बघायचे असतील तर फोटो नवीन काढा म्हणावं, जुन्यात ते चादरीखाली आहेत."

मुलीनं सगळं सांगितलं. आवाजावरून कळत होतं की यावेळी साखर घातली नव्हती. मग तो भला माणूस बोलायला लागला, हळू, लांबलचक.

"काय म्हणतोय?"

"त्यांना फार म्हणजे फारच वाईट वाटलंय."

"इतका वेळ बोलला, त्यात एवढंच?"

"बाकीचं नियमांचं आहे." मुलीनं नाक ओढलं. "ज्या रुग्णालयाला आता गरज नाही असं एकदा ठरवलं, त्याला लगेच परत घेता येत नाही. तीन वर्षांनी नव्यानं अर्ज करता येतो. ते स्वतः शिफारस करतील म्हणतात. तीन वर्षांनी."

पेंटरीणबाई हसली. हसताना तिला दम लागला.

"म्हणावं, मी थांबायला तयार आहे. पण माझं एकटीचं चालत नाही ना इथे." तिनं फोन नवऱ्याच्या हातात दिला. "रडतेय ती पोरगी. तिला म्हणावं, तुझं काही चुकलं नाही. आणि ती उशी जरा वर सरकवा."

त्यानं उशी वर सरकवली.

ती बुधवारी पहाटे गेली. गुरुवारी सिस्टरनी खिडकीजवळच्या खुर्चीची चादर बदलली आणि व्हरांड्यात येऊन पुढचं नाव पुकारलं. एक बाई भिंतीला धरून उठली. तिला विश्वास बसेना. तिचा नंबर शनिवारचा होता.